निकाहाची साक्ष : शरीअत, कायदा आणि कागद

दिव्य कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत कोणती, असे विचारले तर अनेकांना वाटते की ती नमाज, रोजा किंवा हज यांविषयीची असावी. वस्तुतः ती सूरह अल-बकराची २८२ वी आयत असून तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार. मुदतीचे देणे-घेणे केले तर ते लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, आणि लेखकाला किंवा साक्षीदाराला कोणी त्रास देऊ नये, असा तिचा आशय आहे. लिहिण्याची कारणेही तिथेच सांगितली आहेत : त्याने न्याय होतो, साक्ष भक्कम राहते आणि मनात शंकेला जागा उरत नाही.

आता आपल्या घरांकडे पाहू. दुकानाचे भाडेपत्र आपण मुद्रांकावर करतो. भिशीचा हिशेब वहीत असतो. मोटारसायकलच्या हप्त्याची पावतीही जपून ठेवली जाते. परंतु ज्या कराराला कुरआनने सूरह अन-निसामध्ये (४:२१) ‘मीसाक-ए-गलीज’, म्हणजे पक्का, भारदस्त वचनबंध म्हटले आहे, त्याच्या कागदाविषयी विचारले की उत्तर येते, “निकाह तर झाला ना, मौलाना? मग कागद कशाला?”

या प्रश्नातला अर्धा भाग बरोबर आहे. कागदावाचून निकाह होतो. परंतु निकाह होणे ही एक गोष्ट आणि निकाह शाबीत होणे ही दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट त्या बैठकीत घडते. दुसरीची गरज दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, बहुधा दुःखाच्या प्रसंगी पडते. या दोहोंतील अंतर शरीअतच्या आणि आपल्या देशाच्या कायद्याच्या प्रकाशात समजून घेणे, हा या लेखाचा हेतू आहे.

निकाह कशाने होतो?

निकाहाचा गाभा ‘इजाब’ आणि ‘कबूल’ हा आहे. एका पक्षाने प्रस्ताव मांडावा, दुसऱ्याने त्याच बैठकीत तो स्वीकारावा आणि साक्षीदारांनी दोन्ही शब्द ऐकावेत. हनफी फिक्हनुसार दोन प्रौढ, समंजस मुस्लिम पुरुष, किंवा एक पुरुष व दोन स्त्रिया साक्षीदार असणे आवश्यक आहे. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत. त्यांच्या फिक्हनुसार वधूच्या वलीवाचून निकाह होत नाही आणि दोन्ही साक्षीदार न्यायी पुरुष असावे लागतात. मेहर हा वधूचा हक्क सर्व इमामांना मान्य आहे. तो बैठकीत ठरवायचा राहून गेला तरी हक्क बुडत नाही. तिच्या माहेरच्या तिच्यासारख्या स्त्रियांच्या मेहरावरून ‘मेहर-ए-मिस्ल’ ठरतो.

या यादीत कागद नाही. काझीदेखील नाही. खुत्बा सुन्नत आहे, पण त्यावाचून निकाह अडत नाही. आपल्या देशाच्या कायद्याची भूमिकाही येथे वेगळी नाही. १८८० चा काझी अधिनियम काझींच्या नेमणुकीची तरतूद करतो, मात्र निकाहाला काझी हजर असलाच पाहिजे असे त्या कायद्याने होत नाही, हे त्यातच स्पष्ट केलेले आहे. १९३७ च्या शरीअत अधिनियमाने विवाह, तलाक, मेहर, वारसा आदी बाबतींत मुस्लिमांना त्यांचा वैयक्तिक कायदा लागू केला. म्हणून शरीअतच्या अटी पूर्ण करून झालेला तोंडी निकाह हा भारतात आजही कायदेशीर विवाह आहे. त्याला ‘अनौपचारिक’ म्हणणे चूक ठरेल.

अटींमध्ये उणीव राहिली तर काय, याचाही विचार फुकहांनी बारकाईने केला आहे. हनफी मांडणीत निकाहाच्या तीन अवस्था आहेत : सहीह, फासिद आणि बातिल. सर्व अटी पूर्ण झालेला तो सहीह. जिच्याशी विवाह कायमचा निषिद्ध आहे अशा नात्यात केलेला तो बातिल; त्यातून कोणताही हक्क निर्माण होत नाही. या दोहोंच्या मध्ये फासिद. साक्षीदारांवाचून केलेला निकाह भारतीय न्यायालये सुन्नी कायद्यानुसार फासिद मानतात. अशा निकाहात सहवास घडला असेल तर स्त्रीला मेहर मिळतो, तिला इद्दत पाळावी लागते आणि अपत्यांचे वंशनाते पित्याशी जुळते. परंतु पती-पत्नी एकमेकांचे वारस होत नाहीत. चूक मोठ्यांनी करावी आणि शिक्षा लेकरांना व्हावी, हे शरीअतला मान्य नाही, हे या मधल्या अवस्थेतून दिसते.

सहवास म्हणजे विवाह नव्हे

‘कॉमन लॉ मॅरेज’ हा शब्द अलीकडे चित्रपटांतून आणि भ्रमणध्वनीवरील चित्रफितींतून आपल्या तरुणांपर्यंत पोहोचला आहे. ठरावीक वर्षे एकत्र राहिले की माणसे आपोआप पती-पत्नी होतात, असा त्याचा अर्थ लावला जातो. ही समजूत जिथून आली तिथेही ती फारशी खरी नाही. इंग्लंडमध्ये १७५३ च्या विवाह कायद्याने अनौपचारिक विवाहांचा मार्ग बंद केला. केवळ एकत्र राहण्याने तेथे आज कोणी पत्नी होत नाही. स्कॉटलंडमध्ये दीर्घ सहवास आणि लौकिक यांवरून विवाह मानण्याची जुनी रीत होती, तीही २००६ च्या कायद्याने बंद झाली. अमेरिकेत टेक्सास, कोलोरॅडो, आयोवा अशा मोजक्या राज्यांत असा विवाह मानतात; पण तेथेही वर्षे मोजली जात नाहीत. दोघांनी पती-पत्नी होण्याचे ठरवले होते का आणि समाजात ते तसे वावरले का, हे पाहिले जाते.

भारतात तर असा विवाहप्रकारच नाही. मुस्लिम कायद्यात दीर्घ सहवासाला महत्त्व आहे हे खरे, पण ते विवाह करण्याची पद्धत म्हणून नव्हे. निकाह पूर्वी झालेला असावा, एवढे ओळखण्याची ती एक खूण आहे. धूर पाहून आपण अग्नीचे अनुमान करतो. धुराने अग्नी पेटत नाही. ज्या जोडप्याने निकाह केलाच नाही, त्यांचा पंचवीस वर्षांचा संसारही शरीअतच्या दृष्टीने निकाह होत नाही.

न्यायालयाचे गृहीतक कसे चालते?

साक्षीदार वारले, निकाहनामा कधी लिहिलाच नव्हता, पावसाळ्यात पेटीतील कागद भिजून गेले, अशा वेळी न्यायालय काय करते? आपल्या न्यायालयांनी पावणेदोनशे वर्षांत याविषयी एक ठाम परंपरा घडवली आहे. १८४४ साली प्रिव्ही कौन्सिलसमोर खाजा हिदायतुल्ला विरुद्ध राय जान खानम हा दावा आला. स्त्री दीर्घकाळ पुरुषाच्या जनानखान्यात पत्नीच्या मानाने राहत असेल आणि पुरुष तिच्या अपत्याला आपले म्हणत असेल, तर निकाह झाला होता असे मानता येते, हे तत्त्व त्यातून रुजले. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली मोहम्मद अमीन विरुद्ध वकील अहमद या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच मान्य केले. तेथे २३-२४ वर्षांचा उघड संसार होता, अपत्ये होती. निकाहाचा प्रत्यक्ष पुरावा नसतानाही न्यायालयाने विवाह आणि अपत्यांचे औरसत्व मान्य केले. १९७८ च्या बद्रीप्रसाद निकालात, जेथे पक्षकार हिंदू होते, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासमोर सुमारे पन्नास वर्षांच्या संसाराचा प्रश्न होता. इतक्या काळानंतर विवाहाचे साक्षीदार आणून द्या, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जो विवाह नाकारतो त्यानेच तो नव्हता हे शाबीत करावे, असा त्या निकालाचा रोख आहे.

मुस्लिम कायद्यात हे गृहीतक तीन आधारांवर उभे राहते. पहिला आधार, पती-पत्नी म्हणून दीर्घ आणि अखंड सहवास. दुसरा, पुरुषाने त्या स्त्रीला आपली पत्नी म्हणून मान्य करणे. तिसरा, तिच्या पोटी झालेल्या अपत्याला आपले अपत्य म्हणून मान्य करणे. यालाच फिक्हमध्ये ‘इकरार-ए-नसब’ म्हणतात. इकरारालाही अटी आहेत. दोघांच्या वयात पिता-पुत्राला शोभेल एवढे अंतर असावे, ते मूल दुसऱ्या कोणाचे असल्याचे ठाऊक नसावे, आणि मूल जाणते असेल तर त्याने ते नाकारलेले नसावे. १८८८ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सय्यद महमूद, सर सय्यद अहमद खान यांचे सुपुत्र, यांनी अल्लाहदाद खान यांच्या दाव्यात फिक्हच्या मूळ ग्रंथांच्या आधारे या इकराराचे विस्तृत विवेचन केले. १९२१ साली हबीबुर रहमान विरुद्ध अल्ताफ अली या निकालात प्रिव्ही कौन्सिलने त्याची हद्दही आखून दिली : विवाह झालाच नव्हता हे शाबीत झाले असेल, तर इकराराने अनौरस अपत्य औरस होत नाही. इकरार सत्यावर प्रकाश टाकतो, नवे सत्य निर्माण करत नाही.

या सर्वांमागे आपल्या शरीअतची ओळखीची वृत्ती आहे. माननीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अपत्याचे नाते वैवाहिक शय्येशी जोडले, हे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसवरून आपल्याला माहीत आहे. मुस्लिम स्त्री-पुरुष उघडपणे संसार करत असतील तर त्यांच्याविषयी ‘हुस्न-ए-जन’, म्हणजे सदिच्छेचे अनुमान ठेवावे, व्यभिचाराची शंका घेऊ नये, ही आपली शिकवण आहे. भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ११४ मध्ये, आणि आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ११९ मध्ये, न्यायालयाने माणसांच्या स्वाभाविक वागणुकीवरून अनुमान काढावे असे सांगितले आहे. शरीअत आणि कायदा येथे हातात हात घालून चालतात.

गृहीतक कोठे अपुरे पडते?

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, हे गृहीतक ढाल आहे, पण फार उशिरा हाती येणारी ढाल आहे.

पहिली मर्यादा काळाची. गृहीतकाला दीर्घ सहवास लागतो. समजा, एका तरुणाने दोन मित्रांना साक्षीदार करून भाड्याच्या खोलीत निकाह केला आणि आठ महिन्यांनी तो म्हणाला, “कसला निकाह? ही माझी कोणी नाही.” मित्र त्याचेच, त्यांनीही मान फिरवली. येथे तेवीस वर्षांचा संसार नाही, लेकरे नाहीत, शेजाऱ्यांची साक्ष नाही. अल्लाहजवळ ती स्त्री त्याची पत्नी आहे. कचेरीत मात्र तिच्या हाती काही नाही. विवाह झाल्याचा खोटा विश्वास देऊन स्त्रीला सहवासास प्रवृत्त करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८१ खाली गंभीर गुन्हा असून त्याला दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पण त्या मार्गाने जायचे म्हणजे आपला विवाह झालाच नव्हता असे तिने स्वतःच्या तोंडाने म्हणायचे. खऱ्या पत्नीसाठी याहून क्लेशदायक ते काय?

दुसरी मर्यादा अशी की, गृहीतक खोडता येते. स्त्रीचा पूर्वीचा पती हयात असून ती त्याच्या निकाहात असेल, किंवा दोघांचे वर्तन पती-पत्नीच्या नात्याशी विसंगत असेल, तर ते टिकत नाही. १९१० च्या गजनफर अली खान विरुद्ध कनीज फातिमा या निकालात प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की, पुरुषाच्या घरी येण्यापूर्वी स्त्री वेश्याव्यवसायात होती हे मान्य असेल, तर केवळ सहवासावरून निकाह गृहीत धरता येणार नाही. तौबा करून, निकाह करून पवित्र जीवनाकडे वळलेल्या अशा भगिनीला तर कागदाची गरज इतरांहून अधिक असते. आपण मात्र नेमक्या अशाच निकाहाला लाजेपोटी कोपऱ्यात उरकतो.

तिसरी मर्यादा हक्कांच्या व्याप्तीची. कायद्याने काही दारे पूर्ण पुराव्यावाचूनही उघडी ठेवली आहेत. पोटगीच्या संक्षिप्त कार्यवाहीत, म्हणजे जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १२५ व आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, विवाहाचा काटेकोर पुरावा मागितला जात नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा ‘विवाहासारख्या नात्यातील’ स्त्रीलाही संरक्षण, निवारा व खर्च मागू देतो. असे नाते कोणते, हे २०१० च्या डी. वेलुसामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले : दोघे समाजात पती-पत्नीसारखे वावरत असावेत, दोघे विवाहयोग्य वयाचे असावेत, विवाहास अन्यथा पात्र असावेत आणि पुरेसा काळ स्वेच्छेने एकत्र राहिलेले असावेत. परंतु या मार्गाने मिळते ते संरक्षण. त्याने स्त्री पत्नी ठरत नाही आणि वारसही होत नाही.

वारशाचा प्रश्न येतो तेव्हा सर्वांत मोठी परीक्षा होते. पती वारला की पत्नीचे दोन हक्क उभे राहतात. न दिलेला मेहर हे मयताच्या डोक्यावरचे कर्ज असते. वाटणीपूर्वी ते फेडावे लागते. त्यानंतर, मयताला अपत्ये असतील तर पत्नीला एक-अष्टमांश आणि नसतील तर एक-चतुर्थांश हिस्सा, हे सूरह अन-निसाच्या १२ व्या आयतीने निश्चित केले आहे. ज्या दिवशी हे हक्क मागायचे त्या दिवशी पती साक्ष द्यायला नसतो. दिरांना घर हवे असते, सावत्र मुलांना शेत. निवृत्तिवेतनाच्या कार्यालयात, बँकेत, तलाठ्याच्या दफ्तरी वारस नोंद करताना प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो : विवाहाचा पुरावा आणा. कुरआनने दिलेला हिस्सा ती एका कागदावाचून गमावून बसते, आणि तो गिळणारे बहुधा तिच्या निकाहाचे जेवण जेवलेलेच असतात.

आणखी एक अडचण फार कमी बोलली जाते. ज्या निकाहाची नोंद नाही त्याच्या तलाकचीही किंवा खुलाचीही नोंद नसते. मग ती स्त्री धड विवाहित नाही, धड मोकळी नाही. दुसरे स्थळ आले तर ती मोकळी असल्याचे दाखवणार कशाने? इद्दत कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे सांगणार कोण?

लपवलेला निकाह

निकाह न नोंदवण्याचे कारण पुष्कळदा आळस असते. पण कधी कधी तो लपवायचाच असतो. इस्लामचा कल येथे स्पष्ट आहे. निकाह जाहीर करावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण तिर्मिजीच्या संग्रहात आली आहे; वलीम्याच्या सुन्नतमागेही हाच आनंद आणि हाच डंका आहे. इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये हजरत उमर (रजि.) यांचा प्रसंग आहे : एक पुरुष आणि एक स्त्री एवढेच साक्षीदार असलेला निकाह त्यांच्यासमोर आला, तेव्हा हा गुप्त निकाह आहे असे म्हणून त्यांनी तो मान्य करण्यास नकार दिला. मालिकी फुकहांच्या मते साक्षीदारांना ‘कोणाला सांगू नका’ असे बजावून केलेला निकाह सदोष ठरतो. हनफी व शाफई मते साक्षीदार पूर्ण असतील तर निकाह होतो, पण असे लपवणे नापसंत आहे.

लपवण्याची जी कारणे आपल्याकडे दिसतात ती तपासून पाहा. एक, वय. मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस वर्षांचा झाल्याखेरीज विवाह लावणे २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि लावणाऱ्यालाही शिक्षा आहे. २०१७ पासून अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हाही बलात्काराचाच गुन्हा मानला जातो. दुसरे, पहिल्या पत्नीपासून लपवून केलेला दुसरा निकाह. कुरआनने (४:३) दुसऱ्या निकाहाची मुभा न्यायाच्या अटीवर दिली असून न्यायाची भीती असेल तर एकच पत्नी करावी असे सांगितले आहे. जिचे अस्तित्वच लपवायचे तिला रात्रींची वाटणी, खर्च, मान यांत न्याय कसा देणार? तिसरे, जबाबदारीवाचून सहवास हवा असणे. कुरआन (४:२५ व ५:५) विवाहाचा विचार सांगताना चोरटे संबंध ठेवणाऱ्यांचा निषेध करतो. निकाहाचे शब्द उच्चारून हेतू मात्र तोच ठेवला, तर शब्दांना आच्छादन म्हणून वापरल्यासारखे होईल.

माझ्या इमाम बांधवांना येथे नम्र विनंती आहे. कोणी अनोळखी जोडपे दोन अनोळखी साक्षीदार घेऊन आले आणि ‘फक्त दोन शब्द पढा’ म्हणाले, तर वयाचे दाखले, ओळखपत्रे आणि वलीचा पत्ता मागावा. पूर्वीचा विवाह असेल तर तलाकचा किंवा मृत्यूचा दाखला पाहावा. आपण पढवलेला निकाह पुढे नाकारला गेला, तर त्या भगिनीच्या अश्रूंत आपलाही हिस्सा आहे.

नोंदणी : करावयाचे काय?

१४ फेब्रुवारी २००६ रोजी सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी अनिवार्य करण्याचे निर्देश राज्यांना दिले. नोंदणी हा स्वतः वैध विवाहाचा अंतिम पुरावा नसला तरी वय, अपत्यांचे हक्क आणि वारसा या बाबतींत तिचे मोल मोठे आहे, असे न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्रात तर विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ आधीपासूनच आहे. तो सर्व धर्मीयांना लागू आहे. विवाहाच्या दिवसापासून ९० दिवसांत विवाहाचे ज्ञापन निबंधकाकडे द्यायचे असते; शहरात हे काम महानगरपालिका किंवा नगरपालिकेच्या कार्यालयात होते, गावात ग्रामसेवकाकडे. ज्ञापनावर पती, पत्नी, तीन साक्षीदार आणि निकाह पढवणारे यांच्या सह्या लागतात. मुदत टळली तर दंड भरून नोंदणी करता येते. नोंदणी केली नाही म्हणून निकाह अवैध होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

काही बांधवांना वाटते की सरकारी नोंदणी म्हणजे शरीअतमध्ये ढवळाढवळ. ही शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिचे उत्तरही नीट द्यायला हवे. या नोंदणीने निकाहाची एकही अट बदलत नाही. इजाब-कबूल तेच, वली तोच, मेहर तोच. झालेली गोष्ट झाली एवढेच लिहिले जाते. आणि न दिलेला मेहर हे पतीवरील देणेच असल्यामुळे, ज्या आयतीने आपण या लेखाचा आरंभ केला तिचा हेतू निकाहनाम्याला अगदी चपखल लागू पडतो. लिहिणे ही बाहेरून आलेली रीत नाही; ती आपल्या ग्रंथाची शिकवण आहे. स्वतंत्र मुस्लिम देशांनीही हाच मार्ग धरला आहे. पाकिस्तानात १९६१ च्या कौटुंबिक कायदे अध्यादेशाने निकाहाची नोंदणी बंधनकारक केली. इजिप्तमध्ये ‘उर्फी’ म्हणजे नोंदणीवाचूनचे विवाह वाढले आणि पतीने नाकारल्यावर स्त्रियांना न्यायालयात उभेच राहता येईना; अखेर २००० च्या कायद्याने लेखी पुरावा असेल तर निदान अशा विवाहातून सुटका मागण्याची वाट मोकळी केली.

आपल्या राज्याबाहेर राहणाऱ्या वाचकांनी अधिक सावध राहावे. गोव्यात १९३७ चा शरीअत अधिनियम लागू नाही. तेथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो आणि नागरी निबंधकासमोर विवाहाची नोंद झाल्याखेरीज केवळ निकाहाला कायद्याने विवाह मानले जात नाही. कोकणातील अनेक कुटुंबे इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिकेत स्थायिक आहेत. इंग्लंडमध्ये १९९८ साली निकाह झालेल्या, चार अपत्ये असलेल्या एका जोडप्याच्या प्रकरणात २०२० साली अपील न्यायालयाने ठरवले की, तेथील कायद्याच्या रीतीने न झालेला तो समारंभ विवाह नाहीच, अवैध विवाहही नाही. म्हणजे घटस्फोटानंतर पत्नीला मिळणारे आर्थिक हक्कही त्याला लागू नाहीत. दक्षिण आफ्रिकेत २०२२ साली संविधान न्यायालयाने मुस्लिम विवाहातील स्त्रियांना असे हक्क नाकारणे घटनाबाह्य ठरवले आणि २०२४ मध्ये कायदा सुधारला गेला. मुलीचे स्थळ परदेशात ठरवताना वराचा पगार विचारला जातो. तेथे निकाहासोबत नागरी विवाह होणार आहे का, हे त्याआधी विचारावे.

घराघरांत करण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत :

१. निकाहनाम्यात मेहराची रक्कम अंकी व अक्षरी लिहावी. किती रोख दिला आणि किती बाकी आहे, हेही स्पष्ट लिहावे. बाकी मेहर पुढे दिला की त्याचीही पावती ठेवावी.

२. निकाहनाम्याची एक प्रत वधूच्या हाती द्यावी. ती सासऱ्याच्या किंवा वडिलांच्या कपाटात नव्हे, तिच्या स्वतःच्या ताब्यात असावी.

३. साक्षीदार दोन्ही घरांचे, ओळखीचे आणि शक्यतो तरुण निवडावेत. उद्या साक्ष देण्यासाठी ते हयात असायला हवेत.

४. काझीच्या दफ्तरी आणि जमातीच्या नोंदवहीत नोंद झाली की त्याच आठवड्यात ज्ञापन निबंधकाकडे द्यावे.

५. ज्यांचे निकाह जुने आहेत आणि नोंद नाही, त्यांनी निकाह पुन्हा पढवण्याची आवश्यकता नाही. तो झालेलाच आहे. हयात साक्षीदार, निकाह पढवणारे आणि जुना निकाहनामा असेल तो घेऊन उशिराची नोंदणी करावी. आई-वडील हयात असतानाच मुलांनी हे काम हाती घ्यावे; आईवरचा हा मोठा उपकार ठरेल.

समारोप

शरीअतने निकाह सोपा केला, यात अल्लाहची मोठी कृपा आहे. दोन वाक्ये आणि दोन साक्षीदार पुरतात, म्हणून गरिबालाही हलालचा मार्ग खुला राहतो. परंतु सोपेपणाचा अर्थ बेफिकिरी होत नाही. ज्याने निकाह सोपा केला त्यानेच देणे लिहून ठेवायला सांगितले, साक्षीदारांना साक्ष लपवू नका म्हणून बजावले आणि पत्नीचा हिस्सा स्वतः ठरवून दिला. त्या हिश्श्याचे रक्षण करणे आपल्यावर सोपवलेले आहे. न्यायालयाचे गृहीतक ही त्या स्त्रीसाठी शेवटची आशा आहे. तिच्यावर विसंबण्याची वेळ आपल्या लेकीवर का यावी?

अल्लाह आपल्या घरांतील निकाह बरकतीचे करो, आपल्या लेकींचे हक्क सुरक्षित ठेवो आणि ज्यांच्यावर कोणाचे देणे आहे त्यांना ते हयातीतच फेडण्याची सुबुद्धी देवो. आमीन.